गाणें ऐकावयास जळगांवीं

प्रवासास निघण्यापूर्वीं घरांत जीं खलबतें चालतात, त्यांत प्रवासाचा निम्मा आनंद सांठविलेला असतो, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. आमचें घर धुळ्याचें. तीन पिढ्या एका छपराखालीं, चूल एक, आणि मतें मात्र माणसागणिक निराळीं. गेल्या खेपेस दिवाळीचे पाहुणे परतले आणि ओटीवर ठराव झाला कीं, जळगांवीं जानेवारीच्या आरंभीं भरणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवास यंदा जावयाचेंच. वसंतराव चांदोरकर स्मृति प्रतिष्ठान हा उत्सव दरवर्षीं भरवितें. अंतर म्हणाल तर सुमारें नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. परंतु इतक्या जवळच्या गांवीं जाण्याचेंच नेमकें राहून जातें, हा अनुभव वाचकांसही असेल.

धुळें व जळगांव हीं एका खानदेशचीं दोन भावंडें. इ. स. १९०६ मध्यें जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हां पश्चिमेचें ठाणें धुळें व पूर्वेचें जळगांव ठरलें. भावंडें असलीं तरी स्वभाव निराळे. आमच्या गांवीं पाहुणा आला कीं आम्ही त्यास जुने कागद दाखवितों! इतिहासाचार्य राजवाडे यांनीं येथेंच १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं देह ठेविला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ उभें राहिलें. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठामठांतून मिळविलेलीं रामदासी बाडें समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. जळगांवचा लौकिक सोन्याचा, डाळींचा आणि केळ्यांचा. बाजारपेठेचें गांव तें. तेथें गाणें कोठून आलें, असें कोणी विचारील.

त्याचें उत्तर एका मुलाच्या चरित्रांत आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा पुण्यास १८८८ सालीं जन्मलेला मुलगा लहानपणीं शिक्षणासाठीं जळगांवीं राहिला, आणि तेथें मेहबूबखाँ यांच्याकडे त्यास गाण्याची पहिली तालीम मिळाली. १८९८ मध्यें लोकमान्यांनीं त्याचें गाणें ऐकून ‘बालगंधर्व’ म्हटलें. १९०५ मध्यें तो किर्लोस्कर नाटक मंडळींत शिरला. १९१३ मध्यें गंधर्व नाटक मंडळी निघाली. आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’च्या पदांना भास्करबुवा बखल्यांनीं ज्या चाली दिल्या, त्या अजून घरोघरीं गुणगुणल्या जातात. १९६७ मध्यें हा स्वर थांबला. परंतु त्याच्या पहिल्या तालमीचें गांव आपल्या जिल्ह्याशेजारीं असावें आणि आपण तें केवळ गाडी बदलण्याचें स्टेशन समजावें, याची आम्हांस लाज वाटली.

आतां बेत. चिरंजीवांनीं कागद-पेन्सिल घेऊन यादी केली: पारोळ्याचा किल्ला, पद्मालयाचा गणपति, अजिंठ्याचीं लेणीं, गांधीतीर्थ, मेहरुणचा तलाव, मुक्ताईनगर... अकरा स्थळें झालीं. तीन दिवसांत अकरा स्थळें व रात्रीं गाणें! असाच एक पराक्रम आम्हीं पूर्वीं दुसऱ्या एका शहरीं केला होता. दिवसभर देवळें व बाजार पायांखालीं घालून मैफलीस बसलों, आणि विलंबित ख्याल सुरू होतो न होतो तों आमची सारी रांग डुलूं लागली. तें डुलणें रसिकतेचें नव्हतें, हें शेजाऱ्यांनीं कोपरानें ढोसल्यावर कळलें.

यादीवर वाद चालू असतां थोरल्या वहिनी आंतून चहा घेऊन आल्या व सहज म्हणाल्या, “भाऊजी, माणसें मोजतांना मला धरूं नका. मी आजींपाशीं राहतें. तुम्ही सगळे जाऊन या.”

कोणासही त्यांत वावगें वाटलें नाहीं. आजींचे गुडघे धरलेले. त्यांच्याजवळ कोणी हवेंच, आणि तें कोणी म्हणजे वहिनी, हें बावीस वर्षें गृहीत होतें. आमचाही हात चहाकडे गेला. तेवढ्यांत आजी खाटेवरून बोलल्या, “अरे, घरांत गाणें शिकलेली ती एकटी. तिला घरीं बसवून तुम्ही तिकडे माना डोलावणार, होय? माझी खिचडी तुमच्यापैकीं कोणाला करतां येत नाहीं, एवढेंच ना?”

ओटीवर शांतता पसरली. वहिनी माहेरीं सात वर्षें गाणें शिकल्या होत्या, हें आम्हांस ठाऊक होतें; पण लग्नानंतर त्यांनीं एकही मैफल समोर बसून ऐकली नव्हती, हा हिशेब कोणीं मांडला नव्हता. त्यांचा तंबोरा माळ्यावर गवसणींत आहे, हेंही त्या दिवशींच आठवलें.

मग बेत उलट्या टोकापासून केला. प्रथम ठरलें तें घरीं कोण राहणार हें. धाकटे काका व आमचे बंधु यांनीं तें काम पत्करलें, आणि आठ दिवस आधींपासून आजींच्या देखरेखीखालीं खिचडीचे प्रयोग झाले. पहिली करपली, तिसरी आजींनीं मागून घेतली. त्यानंतर यादीवर काट मारली. अजिंठा जळगांवाहून सुमारें साठ किलोमीटर. त्यास स्वतंत्र दिवस हवा, शिवाय लेणीं सोमवारीं बंद असतात. म्हणून तीं पुढील खेपेस. ठरलें तें इतकेंच: सकाळीं एक स्थळ, दुपारीं झोंप, संध्याकाळीं गाणें.

एस. टी.नें पारोळें, एरंडोल, पाळधी करीत आणि बांभोरीपाशीं गिरणा ओलांडून आम्ही दुपारीं जळगांवीं पोंचलों. चंपाषष्ठी उलटून गेलेली, तेव्हां वांग्याच्या भरितास कोणाची हरकत नव्हती. तेथील भरिताचीं वांगीं हिरवट, मोठीं. तीं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, म्हणून त्यांस तो धुरकट वास येतो. सोबत कळण्याची भाकरी. दुसरे दिवशीं सकाळीं टेकडीवरील गांधीतीर्थ पाहिलें. २०१२ मध्यें उघडलेलें हें संग्रहालय मुलांना दाखवावें असें आहे. तिसरे दिवशीं जुन्या गांवांत बहिणाबाई चौधरींच्या घराकडे गेलों. अक्षरओळख नसलेल्या या बाईनें जात्यावर व शेतांत जें गाइलें, तें पुत्र सोपानदेवांनीं टिपून ठेविलें. १९५१ मध्यें त्या वारल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें पुढच्या वर्षीं पुस्तक निघालें. वहिनी तेथें बराच वेळ उभ्या होत्या. “लिहून घेणारा मुलगा होता,” एवढेंच त्या म्हणाल्या.

गाण्याविषयीं काय लिहावें? पहिल्या रात्रीं एका तरुण गायिकेनें शेवटीं नाट्यपद घेतलें. वहिनींचा उजवा हात मांडीवर ताल धरीत होता. एका जागीं गायिका समेवर आली, तेव्हां त्यांच्या तोंडून ‘वा!’ असा मोठा उद्गार निघाला, आणि पुढच्या दोन रांगांनीं वळून पाहिलें. घरीं त्यांचा इतका मोठा आवाज आम्हीं कधीं ऐकला नव्हता. बिऱ्हाडीं परततांना तें पद कोणत्या रागांत होतें, असें चिरंजीवांनीं विचारलें. वहिनींनीं नांव सांगितलें, आणि तो राग ओळखावा कसा हें अर्धा रस्ता समजावून दिलें. “तुम्ही शिकवाल का?” असें त्यानें विचारलें, तेव्हां “आतां आवाज कोठें राहिला?” असें त्या म्हणाल्या. नाहीं मात्र म्हणाल्या नाहींत.

घरीं परतल्यावर माळ्यावरचा तंबोरा खालीं काढला आहे. एक खुंटी सैल आहे, तारा गंजल्या आहेत. दुरुस्तीस किती दिवस लागतील तें कारागीर सांगेल.

ज्या वाचकांस जळगांवचा असा बेत करावयाचा असेल, त्यांस आमची सूचना थोडकी आहे. कार्यक्रमाच्या तारखा व प्रवेशाची रीत आधीं विचारून घ्यावी, राहण्याची सोय डिसेंबरांतच करावी, आणि थंडीचें पांघरूण न्यावें. पण या सर्वांच्याही आधीं घरांतल्या माणसांकडे एकवार पहावें, आणि दरवेळीं मागें राहणारें माणूस कोण, तें मोजावें.