पसरणी घाटात ओलं फडकं

"काका, गाडी बंद पडली का?"

मोटरसायकलवरची दोन मुलं थांबून विचारत होती. मी म्हटलं, "बंद नाही रे, तापलीये. होईल अर्ध्या तासात." त्यांचा विश्वास बसला नसावा. बॉनेट उघडं, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं, मी कठड्यावर बसलेलो आणि बायको पुढच्या सीटवर पेरूच्या फोडी करत असलेली. त्यांनी एकेक फोड घेतली, गाडीसोबत फोटो काढला आणि गेली. खाली उन्हात वाई दिसत होती, कृष्णेची रेघ दिसत होती, पलीकडे धोम धरणाचं पाणी चमकत होतं. पसरणी घाटातून मी पन्नासेक वेळा तरी गेलो असेन. इतका वेळ खाली बघत मात्र कधी बसलो नव्हतो.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, ऑक्टोबर १९९० ची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मागे 'प्रीमियर' लिहिलेलं असलं तरी घरात तिला सगळे 'फियाट'च म्हणतात, आणि ते चूकही नाही, कारण मूळ गाडी फियाट ११००. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी, आणि पेरू, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, सगळं दोघांच्या मध्ये मावतं.

त्या दिवशी चूक माझीच होती. २०२५ च्या मार्चचा पहिला आठवडा. पुण्याहून उजाडल्यावर निघालो. खंबाटकी घाट सकाळच्या गारव्यात, दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न थांबता चढली. सुरूर फाट्यावरून उजवीकडे वळल्यावर वाईपर्यंत जुनी वडाची झाडं लागतात. त्या सावलीत तर ती अगदी खुशीत चालते. दहाला वाईत पोचलो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, घाटाच्या पायऱ्यांवर बसलो, मग जेवलो, आणि भर दुपारी साडेबाराला पसरणी घाट चढायला घेतला. जुन्या गाडीला दुपारी घाट दाखवायचा नाही, हे मला पस्तीस वर्षांपासून माहीत आहे. पण पोटभर जेवल्यावर माणसाला शहाणपण आठवत नाही.

होतं काय, की या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंप आणि नळ्या तापतात, आणि आतल्या पेट्रोलची कार्बोरेटरपर्यंत पोचण्याआधीच वाफ होते. पंप पेट्रोल खेचू शकतो, वाफ नाही. मग गाडी दोन-तीन आचके देते आणि थांबते. याला उपाय एकच: पंपावर ओलं फडकं टाका आणि गप्प बसा. आजच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे येतं, म्हणून नव्या चालकांना ही भानगड ठाऊकच नाही. बरेचदा लोक अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडायला धावतात. ते मात्र कधीही करू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

नोकरीत असताना हेच फडकं मला शत्रूसारखं वाटायचं. मस्टर चुकायचं, साहेबाचं ऐकावं लागायचं, मग घरी येऊन मी गाडीला आणि कधीकधी माणसांनाही बोलायचो. निवृत्तीनंतर गाडी विकायचं ठरलंच होतं. पण पहिल्या सहा महिन्यांत दिवस कसा घालवायचा ते कळेना, तेव्हा मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसायला लागलो. त्यांनीच शिकवलं. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट घासून त्यांच्यातली फट कशी लावायची, फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून कसा बघायचा, पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस कुठे भरायचं. माझी नखं अजून पूर्ण स्वच्छ होत नाहीत, यावरून घरात बोलणी बसतात.

मिस्त्रींचं एक म्हणणं मी पाळतो: उभी गाडी जास्त खराब होते. आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर चालवायचीच, नुसती जागेवर सुरू करून बंद करायची नाही. आता तर ते जास्तच खरं आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. जुन्या रबरालाही ते सोसत नाही. माझ्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा आम्ही बदलून टाकला. टायरचंही तसंच. नक्षी शाबूत दिसते म्हणून मी टायर वापरत होतो. मिस्त्रींनी बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझे टायर नऊ वर्षांचे निघाले. त्याच दिवशी बदलले.

सुटे भाग मिळवणं हा वेगळाच उद्योग. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर काळजी नव्हती, त्यांच्यामुळे दुकानं चालत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तेव्हापासून कुर्ल्यात किंवा पुण्यात नाना पेठेत विचारलं, की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग वरच्या माळ्याकडे. दिवसभर फिरून ब्रेकचं एक रबरी किट मिळालं, तर मी पेढे आणतो.

हे सगळं कशासाठी, असं मुलगा बंगळुरूहून विचारतो. त्याचा प्रश्न चुकीचा नाही. गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. त्याचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झालं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. वर पर्यावरण कर. गंमत म्हणजे पंचावन्न उलटलेल्या माणसाचं लायसन्सही पाचच वर्षांसाठी मिळतं, डॉक्टरांच्या दाखल्यासह. म्हणजे आम्हा दोघांचं पासिंग एकाच हिशेबानं होतं. फरक इतकाच, की माझ्या चेसिस नंबरचा पेन्सिलीनं छाप घेत नाहीत.

खरी अडचण पैशांची नव्हती. सत्तरीत पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी पास करून घ्यायची म्हणजे पंचाहत्तरीपर्यंत चालवणार असं म्हणण्यासारखं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून समोरच्या दिव्यांचा झोत मला फुटलेला दिसतो. म्हणून अंधार पडल्यावर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हा नियम बायकोनं घालून दिलाय. चित्रीकरणासाठी जुन्या गाड्या पुरवणारे एकजण चांगली किंमतही देत होते. हा शेवटचा घाट, परत गेलो की त्यांना फोन करायचा, असं मी मनाशी ठरवून निघालो होतो. घरात बोललो नव्हतो.

चाळीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. पुढच्या चढावर तिनं पुन्हा एकदा फडकं मागितलं. पाचगणीला पोचेपर्यंत अडीच वाजले. टेबल लँडच्या जांभ्या पठारावर वारा इतका होता, की चहाचा कप धरून ठेवावा लागला. साडेचारला उतरायला लागलो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर सारखे दाबले तर तापून धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि मागच्यांचे हॉर्न ऐकायचे. दोन ठिकाणी बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. वाईत आलो तेव्हा साडेपाच होत आले होते.

पुणं अजून तीन तास. मी म्हटलं, "हायवेच तर आहे, हळूहळू जाऊ." पूर्वी गेलोच असतो. बायकोनं फक्त खिडकीची काच वर केली आणि म्हणाली, "अहो, तो लॉज बघा, खोली आहे का ते." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? आपल्याला आता चालवता येत नाही असं कोणी म्हटलं, की लागतंच. पण गाडी लॉजच्या अंगणात लावली, आणि अंधार पडल्यावर कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. पलीकडच्या रस्त्यावरून गाड्यांचे दिवे जात होते. प्रत्येक दिवा मला चांदणीसारखा फुटलेला दिसत होता. ते मी तिला सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी सातला चोक अर्धा ओढला, आणि पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. इंजिन गरम होईपर्यंत मी काच पुसत होतो. बायको मागच्या सीटवर पिशव्या ठेवत होती. तिथला रेक्झिनचा उसवलेला कोपरा तिनं बोटानं दाबून बघितला.

"ऑक्टोबरात पासिंग आहे ना?" ती म्हणाली. "त्याआधी ही कव्हरं तेवढी बदलून घ्या."