जवसाचं तेल आणि चार वाजताचं ऊन

द हेग, मंगळवार रात्र

ती. ताईस,


पोचल्याचं फोनवर कळलंच आहे. पण फोनवर तू मला वाद पुरा करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. इथे थंडीपेक्षा ओल वाईट. मोजे रात्रभर हीटरवर ठेवले तरी सकाळी दमटच. दुपारचं जेवण म्हणजे गार पाव आणि चीज. त्यावर कॉफी घेतली की चार युरो गेले. रुपयांत गुणाकार करायचा नाही असं रोज ठरवते आणि रोज करते. समुद्र, राजवाडा, संसद सगळं आहे, बरं आहे.

तुझं म्हणणं असं, की आबांचं पोर्ट्रेट हे काकांनी सांगितलेलं काम, लँडस्केप हा माझा शौक, आणि शौकापायी काम लांबवू नये. माझं म्हणणं, ही दोन कामं वेगळी नाहीतच. माणूस चित्रात ओळखू येतो तो नाकाडोळ्यांच्या तपशिलामुळे नव्हे, तर त्याच्यावरच्या उजेडाचं आणि सावलीचं एकमेकांशी जे माप असतं त्यामुळे. ते माप शिकायला आभाळ आणि जमीन यांच्याइतकी चांगली शाळा नाही. इथल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात व्हर्मीरची तीन चित्रं आहेत, त्यांतली दोन माझी साक्षीदार. एक, मोत्याचं डूल घातलेली मुलगी, सुमारे 1665 चं, जेमतेम 44.5 बाय 39 सेंटिमीटर. तिच्या नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्ही एकाच उजेडात मिसळले आहेत आणि नाक आपण आपल्या मनाने पुरं करतो. मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोन-चार स्पर्श, त्याला अडकवायला आकडासुद्धा नाही. मागची काळोखी मुळात हिरव्या पडद्याची होती, हे अलीकडच्या तपासणीत निघालं. आणि मुख्य म्हणजे हे कुणा ठरावीक मुलीचं पोर्ट्रेट नव्हेच. अशा बिननावाच्या चेहऱ्यांच्या अभ्यासचित्रांना डच लोक 'ट्रोनी' म्हणतात. दुसरं, 'डेल्फ्टचं दृश्य', त्याच्या चार-पाच वर्षं आधीचं. ते मात्र नावागावासकट एका शहराचं आहे. म्हणजे इथे चेहरा अनामिक आणि जमीन नामांकित. डेल्फ्टमध्ये जवळची घरं ढगाच्या सावलीत आहेत आणि मागचं चर्च उन्हात. त्या एका उलथापालथीवर सगळं शहर उभं आहे. मग पोर्ट्रेट कोणतं आणि लँडस्केप कोणतं, सांग.

हार्लेम, गुरुवार

ती. ताईस,

इथे वाटाण्याचं सूप मिळालं. पिठल्याइतकं घट्ट, चमचा उभा राहील असं, सोबत राय धान्याचा काळा पाव. फोडणी नाही, मिरची नाही, पण गरम आहे. या देशात एवढ्यावर माणूस कृतज्ञ होतो. रस्त्यावर कच्चा हेरिंग मासा कांदा भुरभुरून देतात. त्याबद्दल आईला कळवू नकोस.

तुझे आक्षेप मी इथून ऐकू शकते. पहिला: डोंगर तक्रार करत नाही, गिऱ्हाईक करतं, काकांना आबा हुबेहूब हवेत, उजेडाची मापं नकोत. पण हुबेहूबपणाची परीक्षा होते कुठे? भिंतीवर टांगलेल्या चित्रासमोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून. तिथून तीळ दिसत नाही, पापणी दिसत नाही. गल्लीच्या टोकाला येणारा माणूस आपण डोळे दिसण्याआधीच ओळखतो. फ्रान्स हाल्सने वयाच्या ऐंशीनंतर, 1664 मध्ये, इथल्या वृद्धाश्रमाच्या कारभारणी रंगवल्या. त्या आश्रमाच्याच इमारतीत आता त्याच्या नावाचं संग्रहालय आहे आणि चित्र तिथेच टांगलंय. जवळून बघितलं तर त्यांचे हात म्हणजे ब्रशचे तुटक फटकारे. चार पावलं मागे सरलं की त्या बायका आपल्याकडे हिशेब मागतात. व्हॅन गॉगने भावाला लिहिलेल्या पत्रात हाल्सचे 27 काळे मोजले होते. काळ्या कपड्यावर काळी सावली वेगळी दिसणं हे नजरेचं काम, आणि ती नजर आपल्याकडे कमवायची तर श्रावणातल्या आभाळाखाली बसावं लागतं.

दुसरा आक्षेप पद्धतीचा: लँडस्केप जागेवर बसून ओल्यावर ओलं उरकायचं, पोर्ट्रेट थर वाळवत, सिटिंगमागून सिटिंग करायचं. निम्मं खरं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, दोन तासांत सावल्या जागा सोडतात, म्हणून बाहेर घाई. पण पुरावा उलटा आहे. डेल्फ्ट हे घरात थरांवर थर देऊन केलेलं आणि हाल्सचे चेहरे ओल्यावर ओले. रविवर्मांच्या चित्रांत पार्श्वभूमीला धाकटे भाऊ राजा राजा वर्मा यांचा हात असे, आणि ते स्वतः चांगले निसर्गचित्रकार होते, हेही तू पुढे करशील: मग कामं वाटता येतातच की! येतात, पण पुढच्या माणसावर आणि मागच्या झाडावर एकच ऊन पडलं पाहिजे, ही अट वाटता येत नाही. आबालाल रहिमान कोल्हापूर दरबारचे चित्रकार, तरी कोटितीर्थाच्या पाण्याकडे पुन्हापुन्हा वळत राहिले. तो निव्वळ शौक होता असं मला वाटत नाही.

अॅमस्टरडॅम, शनिवार, झोपण्यापूर्वी

ती. ताईस,

'नाइट वॉच' हे चित्र पाहिलं. मोठं आहे. बोटं गारठली आहेत, तेव्हा उरलेलं थोडक्यात.

तुझा सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेते. व्हर्मीरने डेल्फ्टची घरं थोडी सोपी केली, पाण्यातली प्रतिबिंबं लांबवली. मग हे खोटं नव्हे का, आणि आबांच्या बाबतीत असं चालेल का? झाड आपल्याकडे बघत नाही, माणूस बघतो, आणि गेलेला माणूस तर दुरुस्तीही सांगू शकत नाही. ही जबाबदारी जास्त आहे, हे मी मान्य करते. पण व्हर्मीरने लांबीरुंदी हलवली, उजेडाचा न्याय हलवला नाही. कमीजास्त करायची मुभा तिथपर्यंतच. काकांनी दिलेला फोटो याच्या बरोबर उलट आहे. फ्लॅशमुळे त्यात प्रत्येक सुरकुती जागच्या जागी आहे आणि सावली एकही नाही. त्यावरून काढलेलं चित्र आबांसारखं होईल, आबा होणार नाहीत.

ज्याच्यावर रंगवायचं तो लिननचा कॅनव्हास आणि रंग ज्यात कालवायचा ते तेल, दोन्ही जवसाचीच. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. त्याला घाई चालत नाही, काकांना एवढं सांग. जवसावरून आठवलं, चटणी करून ठेव. इथल्या पावाला तिचीच गरज होती.

आणि फोटो आणखी शोधू नकोस. त्याऐवजी एक कर. ओसरीवर आबांची खुर्ची होती तिथे तीच ठेव आणि दुपारी चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं ते खडूने आखून ठेव. आठ दिवसांनी मी येतेच.

तुझी,
धाकटी