आजी शेवट सांगत नाही

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही नेहमीप्रमाणे भोपाळहून रामाकोन्याला, माझ्या माहेरी गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ इंग्रजीतून वाचत होती आणि जेवतानाही ते पुस्तक खाली ठेवत नव्हती. आईनं कौतुकानं विचारलं, ‘काय आहे वं त्या पुस्तकात? मलेही सांग न थोडंसं.’

तिनं उत्साहानं सुरुवात केली. ‘आजी, एक हॉबिट असतो. तो छोटा असतो. आणि तो ना... मतलब उसको...’ दोन वाक्यांत मराठी संपली, चार वाक्यांत हिंदी संपली आणि ड्रॅगन आला तोवर गोष्ट पूर्ण इंग्रजीत गेली होती. आई मान हलवत ऐकत राहिली. मग ‘छान आहे, छान आहे’ म्हणत भाजी बघायला आत गेली.

त्यात वाईट वाटण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. मुलीला भूक लागली, आंघोळ नको, पाय दुखतो एवढं सांगण्यापुरती मराठी येत होती. गोष्ट सांगण्यापुरती येत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही कुठे येत होती?

रामाकोना कन्हान नदीकाठी, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. घरात मराठी, अंगणात मराठी, बाजारात मराठी, पण शाळेचा उंबरठा ओलांडला की हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा इकडेच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसरबरोबर आम्ही त्यात आलो. बदलली ती पाटी. शाळेची भाषा तीच राहिली. मी प्रेमचंद अभ्यासाला वाचले, मराठी पुस्तक एकही नाही. आईचं माहेर काटोलचं, म्हणून ती मराठी शाळेत शिकली. लग्न होऊन इकडे आल्यावर तिच्या वाट्याला पोथ्या, नागपूरहून येणारं वर्तमानपत्र आणि कालनिर्णयची मागची पानं आली. ती पानं ती वर्षभर जपून ठेवायची.

पुढे नोकरीसाठी मी काही वर्षं पुण्यात होते. पहिल्याच आठवड्यात बरोबरच्या एका मुलीला म्हणाले, ‘मी जेवण करून राहिली.’ ती हसून म्हणाली, ‘हे हिंदीचं भाषांतर आहे का?’ तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी त्या दिवसापासून ‘मले-तुले’ आणि ‘करून राहिली’ गिळून टाकलं. सहा महिन्यांत अशी सफाईदार मराठी बोलायला लागले की आई फोनवर म्हणाली, ‘तू आता टीव्हीवानी बोलतं.’

तर त्या दिवाळीनंतर मी ठरवलं की येणारं वर्ष वाचायचं. एक जुनं, नावाजलेलं पुस्तक आणि त्यानंतर एक कल्पनेच्या दुनियेतलं, असं आलटून-पालटून. वर्षअखेर चौदा पुस्तकं झाली. मंडळाच्या अंकासाठी आवडत्या पुस्तकांबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा त्यातली मोजकीच निवडली आहेत.

सुरुवात हिंदीनंच केली, कारण तिथे हात बसलेला होता. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’. माझ्या वयाच्या सगळ्यांना दूरदर्शनवरची मालिका आणि त्यातला क्रूरसिंह आठवत असेल. मूळ कादंबरी १८८८ ची आणि मालिकेपेक्षा कितीतरी वेगवान. ऐयार वेष बदलतात, बेशुद्ध करायच्या पुड्या हुंगवतात, तिलिस्मात माणसं अडकतात. ही कादंबरी वाचता यावी म्हणून त्या काळी अनेक लोक हिंदी शिकले असं सांगतात. ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. माझी मुलगी कोणत्या पुस्तकासाठी मराठी शिकेल? वर्षभर हा प्रश्न माझ्या मागे होता.

माझा पहिला अंदाज साफ चुकला. मला वाटलं, तिला अद्भुत आवडतं, तर मराठीतलं अद्भुत द्यावं. सीताबर्डीवरच्या दुकानातून नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणली. शंभर वर्षांपूर्वीची ही कादंबरी मला आवडली. राजपुत्र, कपटकारस्थानं, जादू, सगळं त्यात आहे. पण मुलीनं दहाव्या पानावर पुस्तक मिटलं. ‘आई, हे लोक असे का बोलतात?’ तिचंही बरोबर होतं. इतकी भारदस्त मराठी तिनं कधी ऐकलीच नव्हती.

मग मी तिला शिकवणं सोडून स्वतःसाठी वाचू लागले आणि तिथून वाचनाची मजा सुरू झाली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागानं प्रसिद्ध झाली. आत्मचरित्र म्हटलं की मी गंभीर होऊन बसते. इथे पहिल्या काही पानांतच हसायला लागले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे सोवळे वडील, मनात येईल तेव्हा उठून निघून जाणारा कवी नवरा, पाठीमागे घर सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं होतं, तेही त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. त्यात नागपूर आणि राजनांदगावही येतं, म्हणून पुस्तक आपल्याकडचं वाटलं. लग्नाआधी अक्षरओळखही धड नसलेल्या बाईनं बोलल्यासारखं लिहिलं आणि ते आजही ताजं आहे. चौदांतलं कोणतंही एकच घ्या म्हटलं, तर मी हे घेईन.

पण मला हलवलं ते उद्धव शेळके यांच्या ‘धग’नं. १९६० सालची ही कादंबरी. कौतिक नावाची बाई गरिबीशी, नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि नंतर आजारपणाशी एकटी झुंजते. कथा दुःखी आहे, ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्यातली माणसं माझ्या आईसारखी बोलतात. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे सगळं छापील अक्षरांत, कुणी न हसता. मी पुण्यात गिळलेली भाषा एका मोठ्या लेखकानं मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबरीत ठेवली होती, माझ्या जन्माच्याही आधी. मी ती पानं फोनवर आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘हे पुस्तकात लिहिलं आहे? असंच्या असं?’

त्याच सुमारास एका ठिकाणी वाचलं की मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला सिद्ध केलं. रिद्धपूर आजच्या अमरावती जिल्ह्यात. आपण मराठीच्या टोकावर, कडेला राहतो असं मी लहानपणापासून धरून चालले होते. ते मनातून काढायला चाळिशी यावी लागली.

अद्भुत पुस्तकांत माझं सगळ्यात आवडतं अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. १९६८ चं आहे आणि मुलीनंच मला दिलं. गेड नावाचा मुलगा जादू शिकायला एका बेटावरच्या शाळेत जातो. तिथली जादू म्हणजे वस्तूंची खरी नावं माहीत असणं. एका मनोऱ्यात मुलांना नावांच्या याद्या पाठ करायला बसवतात आणि मध्यरात्री कागदावरची शाई नाहीशी होते. पाठ झालं तेवढं आपलं.

ते वाचताना मला आईचं बोलणं आठवत होतं. तिफण, वखर, डवरा, शिवळ, कासरा. संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार. यातले निम्मे शब्द मी ऐकले आहेत, पण वस्तू दाखवून विचारलं तर माझी फजिती होईल. आईची शाई उडाली की ते शब्दही जाणार. मुलीला हे बोलून दाखवलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला ही काळजी देऊन काय उपयोग?

एक कबुलीही देते. जी. ए. कुलकर्णींचं ‘रमलखुणा’ मला अर्धंच कळलं. त्यातल्या ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ या दोन्ही दीर्घकथा वाचताना अंगावर काटा येत होता, पण कुणी अर्थ विचारला तर सांगता येणार नाही. मराठीत अशी अनोळखी, काळोखी दुनिया आहे एवढं कळलं. पुन्हा वाचणार आहे.

आता त्या प्रश्नाकडे येते. एप्रिलमध्ये आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवडे वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला तिच्याजवळ ठेवून मी भोपाळला परतले. माझ्या पिशवीतलं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ तिथेच राहून गेलं. मुद्दाम ठेवलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही.

दुपारी ऊन तापलं की रामाकोन्यात करण्यासारखं काही नसतं. आईला पुस्तक दिसलं. तिनं ते लग्नाआधी, मामांनी शाळेच्या वाचनालयातून आणलं होतं तेव्हा वाचलेलं. ती नातीला म्हणाली, ‘माह्या डोळ्याला पट्टी आहे. तू वाच, मी ऐकतो.’ मुलीला हिंदीमुळे देवनागरी येतेच. पण ‘जाते’ आणि ‘जातं’ यांत अडखळायची, ‘ज’चा उच्चार सगळीकडे हिंदीसारखा करायची. आजी दुरुस्त करायची. हसायची नाही.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीत एक कोवळा मास्तर येतो. शाळा आहे, पण मुलं नाहीत. मुलं मेंढरांमागे रानात असतात. ड्रॅगन नाही, युद्ध नाही. मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळेल. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. पहिलंच वाक्य मराठीत होतं.

‘आई, त्या मास्तरच्या वाडीचं शेवटी काय होते? आजीला माहीत आहे, पण ती सांगूनच नाही राहिली!’

मी विचारलं, ‘मग पुढे वाचून बघ न.’

‘वाचूनच राहिली न! पण आजी रोज एवढंच वाचू देते.’

मी फोन ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. ‘सांगूनच नाही राहिली.’ पुण्यात मी जे टाकून दिलं होतं, ते माझ्या मुलीनं उचललं होतं. तिला त्यात काही टाकण्यासारखं आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

शेवट वाचून ती रडली. दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडून जातात आणि मास्तरालाही जावं लागतं. तिचं म्हणणं, ‘हे हॉबिटच्या उलट आहे. तो बाहेर फिरून घरी येतो. इथे घरच रिकामं होते.’ आई म्हणाली, ‘आपल्या गावातूनही गेलेच न लोक. तुही माय नाही गेली?’ मुलीनं मला हे जसंच्या तसं सांगितलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागच्या दिवाळीत पुन्हा गेलो. फराळ झाल्यावर आईनं स्वतःच आठवण काढली, ‘तुह्या त्या बुटक्याची गोष्ट राहिली होती.’ या वेळी मुलीनं पूर्ण सांगितली. ड्रॅगनला मराठी शब्द शोधत बसली नाही, ‘उडणारा, आग ओकणारा मोठा साप’ म्हणून पुढे गेली. अंधाऱ्या गुहेतला कोड्यांचा खेळ आला तेव्हा आईनं तिला थांबवलं आणि स्वतःची दोन कोडी घातली. दोन्हींची उत्तरं आम्हा कुणालाच आली नाहीत. मधे दोनदा हिंदी आली, तेही चाललं.

शेवटी बिल्बो घरी परततो, तर तो मेला असं समजून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. हे ऐकून आई पोट धरून हसली. ‘म्हणजे तिथले नातेवाईकही असेच काय?’

यंदा काय वाचायचं ते मुलीनं आणि तिच्या आजीनं मिळून ठरवलं आहे. पहिलं नाव ‘स्मृतिचित्रे’ आहे. वाचून कोण दाखवणार आणि शेवट कोण लपवून ठेवणार, यावर अजून वाद चालू आहे. तुमच्या घरात सध्या कोणतं पुस्तक चालू आहे, ते नक्की कळवा.