आतली एकही वायर न कापता

जुना काळा फोन दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "आता घरी फायबर आलंय, हा चालेल का?" चालतो. फोन बहुतेक वेळा धडधाकटच असतो, बदललंय ते तारेच्या दुसऱ्या टोकाला.

1948 साली बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली आणि पुढे कितीतरी घरांत तिथलेच फोन वाजले. डायल फिरवून सोडली की परत येताना ती लाइन तोडते आणि जोडते. एकला एकदा, पाचला पाचदा, शून्याला दहादा. वेग सेकंदाला दहा ठोके. एक्स्चेंज हे ठोके मोजायचं. आजच्या बऱ्याच मोडेमना बटणांचे सूर तेवढे कळतात. म्हणून डायल टोन येतो, आलेला फोन घेता येतो, पण आपल्याकडून नंबर लागत नाही. मोडेम आणि फोन यांच्यामध्ये ठोक्यांचे सूर करणारी छोटी डबी बसवली की काम होतं. इंटरनेट फोनचं स्वतंत्र खातं असेल, तर ठोके ओळखणारा ॲडॉप्टर मिळतो.

डबी बसवूनही चुकीचे नंबर लागत असतील तर डायल बघावी. तिच्या पोटात एका पितळी वाटीत दोन वजनं गरगरतात आणि वाटीच्या कडेला घासून वेग आवरतात. वर्षानुवर्षांचं तेल सुकून चिकट झालं, की डायल रेंगाळते. अशा वेळी लोक वरून स्प्रे मारतात. तेल वाटीत गेलं की घर्षण संपतं आणि डायल सुसाट सुटते. जुना चिकटा आधी अल्कोहोलने पुसून काढायचा, मग आसांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल; वाटी कोरडीच राहिली पाहिजे. वेग तपासायला मोबाइल पुरतो. शून्य फिरवून आवाज रेकॉर्ड करा आणि आलेखात दहा टोकं शोधा. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत 0.9 सेकंद भरले, की डायल बरोबर.

घंटीचं मला जास्त अगत्य आहे. ॲडॉप्टर बहुधा अमेरिकी सवयीने दोन सेकंद सलग वाजवून चार सेकंद थांबतो. आपली घंटी तशी नव्हती : 0.4 सेकंद वाजायची, 0.2 थांबायची, पुन्हा 0.4 वाजून दोन सेकंद गप्प. सेटिंगमध्ये हे आकडे भरले आणि वारंवारता 25 हर्ट्झ केली, की घरातली वडीलधारी माणसं हातातलं काम टाकून उठतात. त्यासाठी मी हवा तेवढा वेळ देतो. (घंटी वाजत असताना आतल्या तारांना हात लावू नका, झटका चांगलाच बसतो.)

एक गोष्ट आधीच सांगतो. जुन्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून 48 व्होल्ट मिळायचे, म्हणून घरची वीज गेली तरी फोन चालू असायचा. आता मोडेम इन्व्हर्टरवर घ्यावा लागतो.

हल्ली फोनचं पोट रिकामं करून आत सिमकार्डाचं सर्किट बसवून देतात. काढलेली घंटी आणि डायल भंगारात जाते. मी ते काम घेत नाही. जे काही जोडायचं ते फोनच्या बाहेर जोडता येतं, आणि उद्या सेवा पुन्हा बदलली तर फक्त बाहेरची डबी बदलावी लागेल. तुमच्या माळ्यावर असा फोन असेल, तर कोणाच्याही हाती देण्याआधी एवढंच बजावून सांगा : आतलं काहीही कापायचं नाही.