फ्लशचा पाइप आणि दीड इंच

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठी विभागात लिहायचं, आणि तेही संडासाच्या टाकीवर! ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

तर आमच्या विंगमधली ती उंचावरची साखळीवाली टाकी. एप्रिलमध्ये तिचा खाली येणारा पाइप तडकून निसटला. साखळी ओढली की पाणी भांड्याऐवजी थेट पायांवर! शेवटी कॉक बंद केला. प्लंबर येईलच, कोणीतरी सांगितलंच असेल, असं म्हणत अकरा दिवस गेले. दिवसा आम्ही दुसऱ्या विंगमध्ये जायचो. रात्री मधलं दार बंद, मग तोच संडास. आणि सकाळी मावशी खालच्या नळावरून बादल्या भरून जिना चढायच्या. चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको.

बाराव्या दिवशी, रविवारी, मी आणि रूममेटने काम अंगावर घेतलं. फ्लुइड मेकॅनिक्स नुकतंच शिकून झालं होतं ना! दोन मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा वेग, घर्षण सोडलं तर, सेकंदाला सव्वासहा मीटर. म्हणून तर टाकी एवढी वर. त्या जोरामुळेच दहा लिटरमध्ये काम भागतं. वर्गणी काढून ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला, टाकीच्या तोंडापासून भांड्याच्या तोंडापर्यंत मोजला, हेक्साने कापला.

लावून बघते तर आखूड!

मावशी दारात उभ्या होत्या. त्या मूळच्या वडशाकडच्या. म्हणाल्या, "ताई वो, पायप भांड्याच्या आत बी त जाते ना. थे काऊन नाही धरलं?"

आत जाणारा तो दीड इंच सव्वासहा मीटरच्या गणितात कुठेच नव्हता. पुन्हा वर्गणी, पुन्हा पाइप. या वेळी मावशींनी पाइप सरळ धरला, मी स्टुलावर. खाली रबरी वॉशर, वर नट. आधी हाताने आवळला, मग पान्याने थोडासाच. प्लास्टिकचे आटे लगेच मरतात. साखळी ओढली. नटाशी एक थेंब आला, अजून जरा आवळल्यावर थांबला.

"मावशी, तुम्ही ऑफिसात सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना जी, दोनदा. थे म्हणते, पोरी रजिस्टरात लिहून देतील तवा पाहू."

खाली जाऊन रजिस्टर उघडलं. अकरा दिवसांत एकच तक्रार होती : मेसच्या चहात साखर कमी. अक्षर माझं होतं.