ऐकू गेल्याची खात्री

लोणी देवकरला आमच्या मळ्यात उभं राहून वर पाहिलं की विमानांचे दोन थर दिसतात. खाली बारामतीहून उडालेली शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं, उसाच्या फडांवरून आणि उजनीच्या पाण्याच्या कडेनं वळसे घेणारी. वर पस्तीस हजार फुटांच्या आसपास, मुंबईहून हैदराबादकडे किंवा चेन्नईकडे निघालेली जेट. दोन्हींचे रेडिओ एकाच पट्ट्यातले, एकाच जुन्या पद्धतीचे. पण वरच्या विमानाचा आवाज मुंबईला थेट पोचू शकतो, खालच्याचा नाही. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. विमानाची फुटांतली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा. रेडिओचं क्षितिज किती नॉटिकल मैलांवर आहे ते कळतं. ३५,००० फुटांवरून ते २३० मैल येतं. लोणीहून मुंबईचं हवाई अंतर सव्वाशे नॉटिकल मैलांच्या घरात आहे. म्हणजे इथून मुंबईच्या अँटेनाला ‘दिसायचं’ तर विमान दहा हजार फुटांच्या वर हवं. मध्ये सह्याद्री उभा आहे, त्याची भर वेगळी. म्हणून तर नियंत्रण केंद्रं आपले रेडिओ ठिकठिकाणी दूरवर ठेवतात आणि तारेनं, उपग्रहानं जोडून घेतात.

मी या कामातला अभियंता. विमानांशी बोलणारे कंट्रोलर वेगळे. त्यांचं बोलणं विमानापर्यंत आणि विमानाचं त्यांच्यापर्यंत पोचतं की नाही, हे पाहणारे आम्ही. ट्रान्समीटर, रिसीव्हर, अँटेना, केबल, बॅटऱ्या. रात्रपाळीत हेडफोन लावून बसलं की पहिली सवय लागते ती शब्द न ऐकता वाहिनी ऐकायची. खरखर नेहमीपेक्षा वाढली आहे का, वाक्याचं पहिलं अक्षर कापलं जातंय का, कुणाच्या आवाजामागे दुसरा आवाज दबलाय का.

विमानांच्या रेडिओत आजही एएमच का, हा प्रश्न नवीन मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात. घरचा रेडिओ केव्हाच एफएमवर गेला, मग इथेच हे जुनं कशाला? त्यामागे एक फार मोलाचं कारण आहे. एफएमवर दोघं एकाच वेळी बोलले तर जोरकस लहर दुबळीला गिळून टाकते. ऐकणाऱ्याला एकच स्वच्छ आवाज येतो आणि दुसरं कुणी बोलत होतं याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोन्ही लहरींच्या वारंवारितेतला बारीक फरक शिट्टी होऊन कानात घुसतो. शब्द जातात, पण शब्द गेले हे कळतं. आमच्या कामात हे कळण्याची किंमत शब्द पोचण्याइतकीच आहे.

तेनेरीफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर २७ मार्च १९७७ रोजी केएलएम आणि पॅन ॲमची दोन ७४७ विमानं धुक्यात एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. टॉवर केएलएमला थांबायला सांगत होता आणि त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिक आपण अजून धावपट्टीवरच आहोत हे सांगत होते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये या दोन महत्त्वाच्या वाक्यांच्या जागी बऱ्याच अंशी शिट्टी ऐकू आली. यंत्रानं आपल्या परीनं सांगितलं होतं की काहीतरी बुडालं आहे. ते पुन्हा विचारून घेणं माणसांकडून राहिलं.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ हवेत धडकलं. ३४९ जणांचा मृत्यू. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, सौदिया १४,००० वर होतं. कंट्रोलरनं समोरच्या विमानाची सूचना दिली होती, ती विमानात पोचली होती, उत्तरंही आली होती. पण कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि सुकाणू धरणारा वेगळा. बोलणाऱ्याच्या समोर स्वतःचा उंचीमापकसुद्धा नव्हता. विमान १५,००० च्या खाली आलं. दिल्लीत तेव्हा केवळ प्राथमिक रडार होतं, ते पडद्यावर ठिपका दाखवतं, उंची नाही. इतकी वर्षं या क्षेत्रात काढल्यावर मला हा अपघात सगळ्यांत जास्त छळतो, कारण त्यात आमची वाहिनी चोख होती. निरोप विमानात पोचला आणि विमान चालवणाऱ्या हातांत पोचला नाही.

म्हणून पुढच्या काळाच्या विमान-संचाराबद्दल वाचतो तेव्हा माझी नजर आधी वेगाच्या आकड्याकडे जात नाही. आमचा पुतण्या लोणीच्या एमआयडीसीत नोकरी करतो. त्यानं मला एकदा सरळ विचारलं, ‘‘काका, माझ्या फोनवर सिनेमा चालतो. विमानाला चार शब्द पाठवायला जगभरचे शास्त्रज्ञ वीस वर्षं काय करतायत?’’ प्रश्न रास्त आहे. फोनवरचा निरोप अडकला तर तो अडकून राहतो, आपण वाट पाहतो. विमानाला दिलेला उंची बदलण्याचा आदेश ठरलेल्या सेकंदांत पोचला पाहिजे, आणि पोचला नाही तर तो पोचला नाही हे ठरलेल्या सेकंदांत दोन्ही टोकांना कळलं पाहिजे. सगळी मेहनत या दुसऱ्या अटीसाठी आहे.

समुद्रावर मजकुराचा संवाद आधीच आला आहे. मुंबईच्या हद्दीत अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. तिथे व्हीएचएफ पोचत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एचएफवर काम चाललं. आयनमंडलावरून परावर्तित होऊन आलेला आवाज, विजांचा कडकडाट, एकेक आकडा तीनतीनदा. सीपीडीएलसी ही मजकुराची पद्धत आल्यावर कंट्रोलरचा आदेश उपग्रहामार्गे कॉकपिटच्या पडद्यावर उमटू लागला आणि वैमानिक बटण दाबून ‘विल्को’, म्हणजे ‘समजलं, पाळतो’, म्हणू लागला. चुकीचा आकडा ऐकण्याची भीती गेली. मला त्याचं मनापासून अप्रूप वाटलं. मात्र एक गोष्ट हातची गेली. आवाजाच्या वाहिनीवर त्या भागातली सगळी विमानं एकमेकांचं ऐकत असतात. पुढच्या विमानाला हादरे बसतायत हे मागच्याला न सांगता कळतं. दुसऱ्याला आपल्याच उंचीवर पाठवलं जातंय हे ऐकून वैमानिक चमकतो आणि विचारतो. खाजगी मजकुरात हे कान बंद होतात. नव्या यंत्रणेच्या कागदांत या नुकसानीची भरपाई कुठे आहे, ते मी प्रत्येक वेळी शोधतो. अजून ती मला पुरेशी सापडलेली नाही.

भूभागावरच्या गर्दीच्या आकाशासाठी युरोपनं मजकुराच्या संवादाला व्हीडीएल मोड २ ही रेडिओ-जोडणी घेतली. सेकंदाला ३१.५ किलोबिट, म्हणजे एकार्स या जुन्या मजकूर-यंत्रणेच्या २.४ च्या तेरापट. कायदा केला, विमानांत उपकरणं बसू लागली आणि जोडण्या मध्येच तुटू लागल्या. मुदत २०१५ ची होती ती २०२० वर न्यावी लागली. एल्सा नावाच्या संयुक्त अभ्यासानं कारणं खणून काढली. गर्दीत एकाच वारंवारितेवर सगळे कोंबले गेले होते. या पद्धतीत प्रत्येक विमान आधी कान देतं, वाहिनी मोकळी वाटली की बोलतं. विमानं थोडी असताना हे छान चालतं. वाढली की दोघांनाही एकदमच मोकळी वाटते.

इंदापूर-बारामतीच्या कालव्याखालच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. ज्याला पाणी दिसेल त्यानं दारं मोडावं असं झालं तर शेपटाकडचं शेत वाळतं. म्हणून शेजपाळी लागते, पाटकरी ज्याचा त्याला दिवस आणि तास देतो. एलडॅक्स ही नवी यंत्रणा तसं करते. जमिनीवरचं केंद्र प्रत्येक विमानाला त्याची वेळ नेमून देतं, तातडीच्या निरोपाला आधी वाट देतं. निरोपाला उशीर जास्तीत जास्त किती होईल, हे त्यामुळे आधी सांगता येतं.

एलडॅक्सचा उगम अमेरिकेचं एफएए आणि युरोकंट्रोल यांनी २००४ ते २००७ या काळात मिळून केलेल्या अभ्यासात आहे. एकच यंत्रणा सगळीकडे पुरणार नाही, हे त्यांनी ओळखलं: विमानतळाच्या आवारात एरोमॅक्स, समुद्रावर उपग्रह, जमिनीवरच्या मार्गांवर एलडॅक्स. एलडॅक्सला जागा मिळाली ९६० ते ११६४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तो पट्टा रिकामा नव्हता. विमानाला अंतर सांगणारी डीएमई केंद्रं तिथे दशकानुदशकं एकेका मेगाहर्ट्झच्या अंतरानं बसली आहेत, लष्कराची यंत्रणा आहे, रडारची विचारणा-उत्तरं आहेत. एलडॅक्सची वाहिनी अर्ध्या मेगाहर्ट्झची; ती दोन डीएमईंच्या फटीत बसवायची. डीएमईचे जोरदार ठोके अंगावर घेत आपला निरोप शाबूत ठेवायचा आणि आपली कुजबुज डीएमईला लागू द्यायची नाही. सगळे जुने रहिवासी जागेवर ठेवून नव्याला आत घेण्याचं हे काम मला या संशोधनातलं सर्वांत देखणं काम वाटतं. २०१९ मध्ये जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेनं रोड अँड श्वार्त्झसारख्या भागीदारांबरोबर ते आपल्या फाल्कन विमानातून प्रत्यक्ष उडवून पाहिलं. निरोपाची ओळख पटवणारी कुलपंही त्यात आहेत. आजच्या आवाजी रेडिओत ती मुळीच नाहीत. ज्याच्या हातात ट्रान्समीटर, तो कुणाच्याही नावानं बोलू शकतो.

आपल्याकडे अशी भागीदारी कशी फळते ते विमानांच्या उपग्रह-दिशादर्शनाच्या ‘गगन’ यंत्रणेनं दाखवलं. इस्रोचे उपग्रह, विमानतळ प्राधिकरणाची जमिनीवरची केंद्रं, वर्षानुवर्षांच्या चाचण्या, आणि मग प्रमाणपत्र. २०२१ मध्ये प्राधिकरणानं भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर हवाई वाहतूक व्यवस्थापनाच्या देशी यंत्रणेसाठी करार केला. माझी कळकळ अशी की पुढच्या संचाराची परीक्षा इथल्या हवेत, इथल्या शेजाऱ्यांबरोबर व्हावी. नारायणगावजवळच्या खोडदला तीस महाकाय अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकीची तबकडी ४५ मीटरची. तिचा सर्वांत वरचा पट्टा साधारण १०५० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. विमानांच्या लहरींशी तिथल्या खगोलशास्त्रज्ञांची गाठ आजही पडते. नव्या वाहिन्या वाटताना ते टेबलावर पहिल्या दिवसापासून असायला हवेत.

आणि दुसरं, अरबी समुद्राची हवा. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ समुद्रालगतचा दमट थर आणि त्यावरची कोरडी, उष्ण हवा यांच्यात लहरी अडकतात आणि क्षितिजाच्या कितीतरी पलीकडे वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानाचे प्रतिध्वनी उमटत असल्याची नोंद या विषयाच्या पुस्तकांत आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या आकाशात हे इतकं घडत नाही. जे केंद्र ऐकू यायलाच नको ते एखाद्या दिवशी स्वच्छ ऐकू आलं, तर पाळ्या वाटणाऱ्या यंत्रणेचं काय होतं? कागदावर याची उत्तरं आहेत, पण मला ती उडवून पाहिलेली हवी आहेत. एप्रिलच्या दुपारी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून चाचणीचं विमान न्या, मुद्दाम खाली उतरवा, जोडणी तुटेपर्यंत उतरवा. किती मेगाबिट गेले ते अहवालात नंतर येऊ दे. जोडणी तुटल्याचं वैमानिकाला आणि कंट्रोलरला किती सेकंदांत कळलं, तो आकडा मला पहिल्या पानावर हवा आहे.