आंबागडहून दिल्ली : सात दिवसांचा बेत
गोंड राजवटीतील किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या आंबागडचे एक व्यापारी कुटुंब दिवाळीनंतर दिल्लीस निघणार आहे. दुकान सात दिवस बंद, म्हणून बेत काटेकोर. मुलांनी लाल किल्ला सोमवारी धरला होता. त्या दिवशी तो बंद असतो. तेव्हा सोमवार मेहरौलीस दिला. तेथे कुतुबमिनारालगतच्या मशिदीत मोडलेल्या हिंदू व जैन मंदिरांचे स्तंभ आहेत आणि जवळच मणिधारी जिनचंद्रसूरींची दादावाडी. लाल किल्ल्यासमोरील लाल मंदिर व तेथील पक्ष्यांचे रुग्णालय यांसाठी मात्र पूर्ण सकाळ राखली.

खरा पेच आजींच्या चौविहाराचा. नोव्हेंबरअखेर दिल्लीत साडेपाचपूर्वीच सूर्य मावळतो. आग्र्याहून तोवर परतणे कठीण. आजींनी धर्मशाळेत एकट्या राहण्याची तयारी दाखविली. ती कोणी मानली नाही. ताजमहाल वहीतून खोडला गेला. मुले अजून रुसलेली आहेत.